कढईला दिलेला जबाब

अर्जदार : मी स्वतः. वय पन्नाशीच्या आसपास, शिक्षण नववीपर्यंत, व्यवसाय अर्ज लिहिणे, बैठक साकोली येथे तहसील कचेरीबाहेरील कडुनिंबाखाली.

जिच्या वतीने : माझ्या धाकट्या भावाची पत्नी, राहणार एकोडी, काम शेतीचे व घरचे.

विरुद्ध : एका प्रदर्शनाची परीक्षक समिती व तिच्या वतीने आलेले चौकशी अधिकारी.

साक्षीदार : एक, माझी पत्नी. दोन, माझा धाकटा भाऊ. तीन, आमच्या बांदीला, म्हणजे धानाच्या खाचराला, लागून ज्याची बांदी आहे तो शेजारी. हा साक्ष देण्यास तयार नाही, परंतु त्याने कुंपणावरून सर्व पाहिले आहे, म्हणून त्याला नमूद केले.

दिनांक : धानाची मळणी आटोपल्यावर प्रदर्शन झाले. मोहफुले वेचण्याच्या दिवसांत चौकशी झाली. आज धानाचे रोवणे, म्हणजे लावणी, संपले असून पडीत जागेतील तरोट्याला पिवळी फुले लागली आहेत.

तक्रारीचे कारण : विचारलेल्या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर दिले असताना, उत्तर दिले नाही असे लिहिणे.

माणसांची नावे मी मुद्दाम दिलेली नाहीत. जिच्या अब्रूसाठी हे लिहीत आहे तिचेच नाव पुन्हा दहा तोंडी जावे, हे मला मान्य नाही. समितीकडे मूळ अर्ज आहे आणि त्यानंतर मी पाठविलेली स्मरणपत्रेही आहेत. त्यांपैकी एकाचेही उत्तर आलेले नाही. अर्जाच्या कागदावर मजकुराला शिस्त असते. जे घडले ते त्या शिस्तीत मावत नाही, हे मला इतक्या वर्षांच्या व्यवसायानंतर प्रथमच जाणवले. म्हणून हकीकत येथे लिहितो.

आमची शेती दोघा भावांची एकत्र आहे. मी कामासाठी साकोलीला राहतो व येऊन-जाऊन असतो, माझी पत्नी व भाऊ एकोडीला राहून शेती पाहतात. धानाच्या बांद्यांच्या खाली एक बोडी आहे, म्हणजे आमच्याकडचे लहान तळे. बोडीच्या काठाने एक पडीत पट्टी आहे. तिच्यावर आजवर कोणी खत टाकले नाही, औषध फवारले नाही, नांगरही फिरविला नाही. दर पावसाळ्यात तिच्यावर तरोटा उगवतो. पश्चिमेकडे त्यास टाकळा म्हणतात. कोवळा असताना त्याची भाजी होते, नंतर त्याला कोणी विचारत नाही. गुरे त्याला तोंड लावत नाहीत. दिवाळीनंतर त्याच्या लांब शेंगा वाळतात आणि आतले दाणे पायाखाली सांडतात.

त्या दाण्यांची कॉफी होते. भावाच्या पत्नीने ही गोष्ट माहेराहून, अड्याळहून आणली. तिच्या आईकडे चहापत्ती संपली की दाणे भाजून, कुटून, उकळून देत. आमच्या घरात तिला सर्व जण लहानी म्हणतात, म्हणजे लहान सून. लहानीने आमच्या चुलीवर ती कॉफी प्रथम केली तेव्हा भाऊ म्हणाला होता, "हे काय करून रायली वो? तन खाऊ घालून रायली आमाले?" आणि मग त्याने दुसरा पेला मागितला होता. हे मला पत्नीने सांगितले. मी त्या वेळी ओसरीवर होतो.

येथे एक रीत स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण संपूर्ण प्रकरण तिच्यावर उभे आहे. मी लहानीचा भासरा आहे, म्हणजे तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे सून भासऱ्याशी बोलत नाही. त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्याच्या देखत दुसऱ्या पुरुषाशी मोठ्याने बोलत नाही. काही घरांत हे आता सुटले आहे. आमच्या घरात सुटलेले नाही, आणि ते सुटावे असे कोणी सुचविलेही नाही. मात्र संसार न बोलता चालत नाही. त्यामुळे मला जे सांगायचे ते लहानी वस्तूला सांगते. "दारा, जेवन वाढलं म्हना." "झाडनी, उद्या बांदीचं पानी काढाचं हाय म्हनावं, साकोलीहून लवकर या म्हनावं." दार ऐकते, झाडणी ऐकते, मी ऐकतो. मीदेखील तिच्याकडे न पाहता, "बरं," इतकेच म्हणतो. लग्न होऊन ती आली तेव्हापासून आजपर्यंत तिने मला उद्देशून एक शब्द उच्चारलेला नाही, आणि तरीही तिने सांगितलेली एकही गोष्ट माझ्यापर्यंत पोचली नाही असे झालेले नाही.

कचेरीच्या चहाने माझे पित्त खवळते. एका हिवाळ्यात पत्नीने मला लहानीच्या कॉफीचा थर्मास भरून दिला. दूध नाही, गुळाचा एक खडा. मी ती कडुनिंबाखाली पीत असता करडीहून आलेला एक पक्षकार म्हणाला, "बाबूजी, वास कायचा येऊन रायला? कोन्ती कॉफी हाय जी?"

"घरची," मी म्हणालो.

"घरची कॉफी? तुमच्या घरी मळा हाय का कॉफीचा?"

"बोडीच्या काठावर आहे," असे मी गांभीर्याने सांगितले. त्याला एक पेला दिला. तो गप्प बसून शेवटपर्यंत प्याला आणि आपला अर्ज विसरून निघाला. त्याला परत बोलवावे लागले.

त्यानंतर कडुनिंबाखालची माझी बैठक वाढली. लोक काम नसताना येऊ लागले. मला असे वाटू लागले की ही गोष्ट योग्य ठिकाणी मांडली गेली पाहिजे, आणि योग्य ठिकाणी मांडणे हे माझे काम आहे. शेतकरी कुटुंबांनी आपल्याच शेतातून तयार केलेल्या पेयांचा एक विभाग एका कृषी प्रदर्शनात आहे, असे समजले. अर्ज मी लिहिला. त्यात पेयाच्या चवीचे वर्णन मागितले होते. मी घरात सर्वांना विचारले.

भाऊ म्हणाला, "कडू. आखीन काय?"

पत्नी म्हणाली, "कडू लिवू नोका. कडू त कारलंबी लागते. लिवा का, पेल्यावर मानूस थोडा वेळ बोलत नाई."

आतून भांड्याला सांगितल्याचा आवाज आला, "गंजा, म्हन त, जमिनीवर पयलं पानी पडल्यावानी लागते." मी पत्नीचे आणि लहानीचे अशी दोन्ही विधाने शुद्ध भाषेत उतरवून घेतली. पेयाच्या नावाच्या जागी 'तरोट्याची कॉफी' असे लिहिले, कारण तिला सर्व जण तेच म्हणतात.

प्रदर्शनात पेले झाकून ठेवले होते. कोणाचे पेय कोणते, हे परीक्षकांना ठाऊक नव्हते. त्यांच्यात एक गृहस्थ दक्षिणेकडच्या कॉफीच्या प्रदेशात नोकरी करून आलेले होते. त्यांनी आमचा पेला दोनदा घेतला आणि शेजारच्या परीक्षकाला म्हणाले, "ही सावलीत वाढलेल्या झाडांची कॉफी दिसते. एखाद्या जुन्या घराण्याच्या मळ्यातली असणार." मी दोरीच्या अलीकडे उभा होतो. पहिले बक्षीस आम्हाला जाहीर झाले. व्यासपीठावर भाऊ गेला, लहानी खाली बायकांत बसली होती. परत येताना गाडीत ती मागच्या बाजूला पत्नीजवळ होती आणि खिडकीच्या काचेला सांगत होती, "काचे, त्या मानसाले मळा दिसला म्हनते. बोडी दिसली असती त काय म्हनला असता?" आम्ही सर्व जण हसलो. मी तिच्या बोलण्यावर उघड हसलो असे तेव्हा प्रथमच झाले असेल.

बक्षिसाची ढाल घरी यायची होती, ती आली नाही. काही दिवसांनी निरोप आला की एका स्पर्धकाने हरकत घेतली आहे. हरकतीचा मजकूर असा, की तणाच्या दाण्याची चव इतकी कॉफीसारखी लागणे शक्य नाही, सबब त्यात बाजारातील कॉफीची पावडर मिसळलेली आहे. ज्या परीक्षकाला चवीत मळा दिसला होता, त्याचेच कौतुक आता आमच्या विरुद्ध पुरावा झाले. निकाल थांबविण्यात आला. अधिकारी घरी येऊन, करणाऱ्या बाईला समक्ष विचारून आणि तिला भाजताना पाहून अहवाल देतील, असे ठरले.

आता त्या दिवसाविषयी. मी सकाळीच एकोडीला पोचलो होतो. चौकशी म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. एक चुकीचा शब्द माणसाला वर्षानुवर्षे फिरवितो. म्हणून मी लहानीच्या बाजूला उभे राहण्याचे ठरविले होते. मोहफुलांचा वास सर्वत्र सुटला होता. लहानीने अंगणात चूल मांडली, कढई ठेवली, सुपात दाणे घेतले. अधिकारी खुर्चीवर बसले. त्यांचा चालक दाराशी उभा राहिला. भाऊ उंबऱ्यावर होता. बांदीचा शेजारी, ज्याचे अंगणही आमच्या अंगणाला लागून आहे, कुंपणाशी आला.

पत्नी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "अवो, तुमी भाईर जा न जी थोडं."

"काय म्हणून?"

"जा म्हनलं त जा. बोडीवर जाऊन या."

"चौकशी चालू असता अर्जदार बोडीवर जातो काय?" मी म्हणालो, आणि गेलो नाही.

अधिकाऱ्यांनी विचारले, "बाई, हे दाणे कुठले?"

लहानीने पदर पुढे ओढला आणि कढईत दाणे ओतले.

"आमच्या बोडीच्या काठावरील पडीत पट्टीवरील," मी सांगितले. "सदर पट्टीवर आजतागायत कोणतेही रासायनिक..."

"तुम्ही थांबा. त्यांना बोलू द्या. बाई, यात विकतची पावडर मिसळता का?"

तेव्हा लहानी बोलली. कढईकडे पाहून, हलक्या आवाजात, उलथणे फिरवीत बोलली. मला तिचा शब्द न् शब्द आजही आठवतो. "कढई बाई, सांग त यायले. तुह्या पोटात तरोट्याबिगर काय पडलं कधी? विकतची पुडी या घरात कोनी पाह्यली? दाना तडतडला का जाळ मागं घ्याचा, काळा होऊ द्याचा नाई, काळा झाला का जळका वास येते. भुरका झाला का उतरवाचा आन थंडा झाल्यावर कुटाचा. गरम कुटला त तेल धरते. माह्या मायनं असंच केलं. पुडी टाकाची असती त येवढा धूर डोळ्यात कायले घेतला असता मी?"

ती बोलत असता दाणे तडतडले. तिने जाळ मागे ओढला. कॉफीचा वास उठला आणि चालकानेदेखील मान वळवली. याहून स्वच्छ जबाब मी कोणत्याही कचेरीत ऐकलेला नाही.

अधिकारी म्हणाले, "या काय पुटपुटतायत? बाई, माझ्याकडे बघून बोला."

पदर आणखी पुढे आला.

"साहेब," मी म्हणालो, "त्यांनी उत्तर दिलेले आहे."

"कोणाला?"

"कढईला."

चालक फिस्सकन हसला. कुंपणापलीकडून शेजारी हसला. अधिकारी हसले नाहीत, ते मला म्हणाले, "मग जबाबावर सही कोणाची घेऊ? कढईची?"

पत्नी पुढे आली. "सायेब, तिनं सांगतलं न सप्पा. मी सांगतो तिनं काय म्हनलं ते."

"मध्ये कोणी बोलायचं नाही. मला त्यांच्या तोंडून हवंय. शेवटचं विचारतो. मिसळता की नाही?"

लहानी गप्प झाली. एकदा सांगून झाले होते. पुन्हा सांगितले असते तर तेही कढईलाच सांगितले असते. तिने कढई उतरवून ठेवली आणि ती हात बांधून चुलीपाशी बसून राहिली. मी पुन्हा बोलू लागलो. मी रीत समजावली, कलमे सांगितली, प्रदर्शनाच्या नियमावलीतील तरतूद सांगितली. माझ्या लक्षात आले की मी जितके बोलत आहे, तितके अधिकाऱ्यांचे लिहिणे भरभर होत आहे. तरीही मला थांबता आले नाही.

अहवालात त्यांनी लिहिले, की संबंधित महिलेने मिश्रणाबाबतच्या प्रश्नास उत्तर दिले नाही, त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या, आणि त्यांच्या वतीने त्यांचे दीर बोलत होते. या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. उत्तर दिले होते. ती स्वतःशी बोलत नव्हती. आणि मी दीर नव्हे. आमच्याकडे दीर धाकटा असतो, त्याच्याशी भावजय हसते, थट्टा करते, त्याच्या देखत दहा जणांशी भांडते. मी भासरा आहे. हा फरक अधिकाऱ्यांनी विचारला असता तर त्यांना ती चूप का होती, हे समजले असते.

गाडी गेल्यावर पत्नीने माझ्यासमोर पाण्याचा तांब्या आदळला. "समाधान झालं? तुमी नसते न, त तिनं त्या सायबाले पानी पाजलं असतं. गावात तिच्या तोंडाले कोनी लागत नाई, मालूम हाय का तुमाले?"

मला मालूम नव्हते. ती गावात कशी बोलते, हे ऐकण्याचा माझा संबंधच आला नाही. साक्षीदाराचे म्हणणे म्हणून मी हे जसेच्या तसे लिहितो, त्यावर भाष्य करीत नाही.

निकाल अजून जाहीर झालेला नाही. बक्षीस दिलेही नाही आणि काढूनही घेतले नाही. हे अधांतरी राहणे मी पक्षकारांच्या बाबतीत नित्य पाहतो आणि त्यांना धीर धरण्यास सांगतो. आता मला धीर निघत नाही. टपालवाला कचेरीच्या फाटकातून आत शिरला की मी लिहिणे सोडून उठतो. परवा वारसाचा अर्ज लिहिताना मृताच्या नावाखाली मी 'विषय : तरोटा' असे लिहिले आणि कागद फाडावा लागला. पक्षकार म्हणाला, "बाबूजी, तब्येत बरी नसन त उद्या येतो." कामाच्या दिवशी मी दुपारीच टेबल आवरून एकोडीची वाट धरतो, तिथे गेल्यावर मला बसवत नाही, आणि साकोलीला परतल्यावर वाटते की एकोडीला काही घडले असेल.

तिथे काय घडते ते सांगतो. आठवडी बाजारात एका बाईने लहानीला सर्वांच्या देखत विचारले, "काय वो, कोन्त्या कंपनीची पुडी टाकते? आमालेबी सांग, आमीबी बक्षीस घेतो." लहानी पिशवी उचलून घरी आली. जिच्या तोंडाला गाव लागत नव्हते, ती बोलली नाही. तेव्हापासून ती बाजाराला जात नाही. घरात उरलेले दाणे तिने कोंबड्यांपुढे टाकले, कोंबड्यांनी खाल्ले नाहीत. कढईत आता भाजीला फोडणी बसते.

भावाला हे सोसत नाही आणि त्याचा राग तो तरोट्यावर काढतो. मागच्या खेपेला तो बोडीच्या काठावर उभा होता. पट्टी कमरेइतकी उंच, पिवळ्या फुलांनी भरलेली होती.

"दादा, फवारून टाकतो सप्पा," तो म्हणाला. "ते पाह्यलं का तिचं तोंड उतरते."

"शेंगा धरेपर्यंत थांब. उत्तर येईल."

"कवाचं येऊन रायलं तुमचं उत्तर? तुमी लिवलं तेच्यानंच हे झालं न?"

"मी लिहिले नसते तर बक्षीस मिळाले नसते."

"त कोनी चोरबी म्हनलं नसतं."

दिवस कलत होता आणि तरोट्याची पाने मिटू लागली होती, ती संध्याकाळी मिटतात. भाऊ शेवटी म्हणाला, शेंगा पिकण्याआधी समितीकडून काही आले तर ठीक, नाहीतर तो फवारणार. त्याचेही बरोबर आहे. एकदा दाणे सांडले की पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या बांदीत तरोटा निघतो आणि भांडण होते. गोळा करणारी लहानीच होती, आणि ती या वर्षी विळा हाती घेईल असे दिसत नाही.

आम्ही घराकडे आलो तेव्हा लहानी ओसरीवर तांदूळ निवडत होती. मला पाहून ती उठली आणि पदर सावरून आत गेली. मी बराच वेळ ओसरीवर उभा राहिलो. दाराला, झाडणीला, कोणालाही तिने काही सांगितले नाही. पत्नीने मला सांगितले की चौकशीच्या दिवसापासून मी आलो की असेच असते. हे तोवर माझ्या लक्षात आले नव्हते. मला वाटत होते, सांगण्यासारखे काही नसेल. तेव्हा मला जे वाटले ते अर्जाच्या भाषेत लिहिता येत नाही. इतकेच लिहितो की त्या ओसरीवर मला आजवर कधी परके वाटले नव्हते.

म्हणून समितीपुढे, आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक जाणत्या माणसापुढे, माझे म्हणणे पुढीलप्रमाणे आहे.

कढईला दिलेला जबाब हा जबाब धरावा. तो अधिकाऱ्यांच्या प्रश्नावर, अधिकाऱ्यांच्या देखत, अधिकाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने दिलेला होता. आमच्या घरात याच पद्धतीने दिलेल्या शब्दांवर पेरणी झाली आहे, सोयरिकी जुळल्या आहेत, आजाऱ्याला दवाखान्यात नेले आहे. त्यांतील एकही शब्द खोटा निघालेला नाही.

हे समितीच्या नियमात बसत नसल्यास फेरचौकशी करावी. त्या वेळी बाईला तिच्याच अंगणात, तिच्याच चुलीपाशी विचारावे आणि हवे तितके उलटसुलट विचारावे. ती उत्तर देईल, याची हमी मी घेतो. अर्जदार त्या वेळी हजर राहणार नाही. तो गावाबाहेर, आवाज पोचणार नाही इतक्या लांब थांबेल आणि बोलावल्याशिवाय येणार नाही. आजवर कोणत्याही चौकशीत मी पक्षकाराची बाजू सोडून बाहेर गेलेलो नाही. या प्रकरणात बाहेर राहण्याची परवानगी मी स्वतः मागत आहे, याची नोंद व्हावी.

तरोट्याच्या शेंगा पिकून फुटण्याआधी उत्तर मिळावे. ते अनुकूल असो वा प्रतिकूल, माझ्या पत्त्यावर पाठवू नये. बाईच्या नावाने पाठवावे, तिला वाचता येते. ती ते वाचील, आणि मला सांगावे असे तिला वाटले तर सांगेल.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
अर्जदार